वाचक विचारतात : हाताला काम किती जणांच्या?

रोजगाराची सरकारी आकडेवारी घरबसल्या पाहता येते, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथं घेतली आहेत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत. मी सर्वेक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई. दारोदार हिंडून तक्ते भरण्यात हयात गेली, त्यामुळे उत्तरं थोडी उंबऱ्यावरूनच दिलेली वाटतील. चालवून घ्या.

मॅडम, मी मूळचा राधानगरीचा, सध्या राजारामपुरीत खोली घेऊन एमपीएससी करतोय. अभ्यासिकेत पैज लागलीय. एक जण म्हणतो देशात बेरोजगारी ३.२ टक्के, दुसरा म्हणतो ५.१. दोघांच्या हातात सरकारचाच कागद. कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा मात्र कुणालाच सापडेना. तो कुठं असतो? आणि मी स्वतः बेरोजगार म्हणून मोजला जातो का?

पैज बरोबरीत सोडा, चहा दोघांनी मिळून पाजा. दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातले आहेत. त्याला नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, इंग्रजी आद्याक्षरांत पीएलएफएस म्हणतात, आणि ते एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. ३.२ टक्के हा जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा आकडा. त्यात माणसाला विचारतात, मागच्या ३६५ दिवसांत तुमचा बराचसा वेळ कशात गेला? शिवाय मुख्य धंदा कुठलाही असो, जोडीला वर्षात तीसेक दिवस काही काम केलं असेल तरी तो कामातला. ५.१ टक्के हा एप्रिल २०२५ चा, महिन्याच्या पहिल्या पत्रकातला. तिथं प्रश्न फक्त मागच्या सात दिवसांचा. सात दिवसांत एक तास जरी काम केलं, तरी तो कामावर. वर्षाच्या हिशेबात सुगीला चार पैसे कमावलेला माणूस कामात धरला जातो, आठवड्याच्या हिशेबात तोच मोकळा सापडू शकतो. म्हणून या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘बेरोजगारी दोन टक्क्यांनी वाढली’ असं कुणी पोस्टर टाकलं, तर ते पुढं पाठवू नका. वर्षाच्या मापाची तुलना वर्षाच्या मापाशीच करायची. तशी केलीत तर २०१७-१८ चा ६.० आणि २०२३-२४ चा ३.२ हे एका रांगेत बसतात.

आता जिल्हा. २०२४ पर्यंत या सर्वेक्षणाचा नमुना विभागवार निघायचा. आपला जिल्हा पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर यांच्या गोतावळ्यात होता. आता पुणे ज्या टोपलीत आहे, त्या टोपलीचं वजन बघून राधानगरीबद्दल काय बोलणार? जानेवारी २०२५ पासून नमुना काढताना जिल्हा हाच पाया धरतात, घरंही वाढवलीत. पूर्वी देशभरात वर्षाला लाखभर घरं होती, आता २ लाख ७२ हजार ३०४. ऐकायला मोठा आकडा आहे, पण देशात साडेसातशेच्या वर जिल्हे आहेत. सरासरी काढली तर जिल्ह्याला साडेतीनशे घरं येतात. एवढ्या घरांवरून जिल्ह्याचा अंदाज निघतो, पण त्याला मागंपुढं बरीच सूट द्यावी लागते. वय, शिक्षण, बाई-पुरुष अशा फोडी करायला गेलात तर हातात पाच-दहा माणसं उरतात. तेव्हा कुणी छातीठोकपणे ‘कोल्हापूरचा बेरोजगारी दर इतका’ म्हणाला, तर पहिला प्रश्न घाला : किती घरांवरून?

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दारात काय सांगता त्यावर आहे. कॉलेजात नाव असेल आणि वर्षभर तेच केलं असेल, तर तुम्ही ‘शिक्षण घेणारा’. सर्वेक्षणाच्या तक्त्यात तो कोड ९१. कॉलेज संपलंय, अभ्यासिकेत बसताय, पण काम मिळालं तर आज करीन असं म्हणालात तर तुम्ही बेरोजगार, कोड ८१. आणि ‘आत्ता नोकरी नकोच, पुढच्या वर्षी पोस्ट काढणार’ म्हणालात, तर तुम्ही ना कामात, ना बेरोजगारीत. दर काढताना तुमचं नाव वरही येत नाही, खालीही येत नाही. राजारामपुरीच्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात, पोलिस भरतीची पोरं अंधारात पळत असतात, तरी दर जागचा हलत नाही, त्याचं एक कारण हे. म्हणून मी नेहमी सांगते, बेरोजगारीचा दर एकटा वाचू नका. शेजारच्या रकान्यात ‘काम करणाऱ्यांचं लोकसंख्येशी प्रमाण’ असतं, तेही बघा. आणि हो, रविवारी मामाच्या दुकानात तासभर गल्ल्यावर बसत असाल, तर आठवड्याच्या मापात तुम्ही कामगार ठरलात. अभिनंदन.

काकू, मी हुपरीत घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडते. मजुरी वजनावर मिळते. दारात दोन म्हशी हायत, दूध डेअरीला जातं. मागं सर्वेवाले आले तर आमच्या मालकांनी सांगितलं, ‘ती घरीच असते.’ मग मी कामात धरली का नाही? आणि खरं सांगितलं असतं तर रेशन कार्डाला धक्का लागला असता का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं याच वाक्यावर झालीत, ‘ती घरीच असते’.

नुसतं तेवढंच लिहून सर्वेवाला पुढं गेला असेल, तर तुमच्या नावापुढं कोड ९२ पडला : फक्त घरकाम. ९२ म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. तुम्ही बेकारही नाही, कामगारही नाही. कड्या, म्हशी, धारा सगळं कागदावरून पुसलं गेलं. नीट विचारलं असतं, तर शेठजींकडून चांदी आणून आपल्या घरात, आपल्या वेळेनं, नगावर किंवा वजनावर काम करून देणारी बाई स्वयंरोजगारात मोडते, कोड ११. चांदी सासूबाईंच्या नावावर येते आणि तुम्ही फक्त त्यांच्या हाताखाली जोडता, वेगळा पैसा घेत नाही, असं असेल तर कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. पण दोन्ही कोड कामातलेच. म्हशींचंही तेच. वैरण आणणं, शेण काढणं, धार काढणं आणि दोन वेळा डेअरीत दूध घालणं हे विक्रीसाठीचं उत्पादन आहे. डेअरीच्या पुस्तकावर नाव मालकांचं असलं म्हणून धार काही ते काढत नसतात.

दारात हे कसं बाहेर काढायचं, ते सांगते. सोप्यात बसलेल्या पुरुषाला ‘मंडळी काय करतात?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. मी पाणी मागायची. पाणी द्यायला बाई आली की आत नजर जायची. कोपऱ्यात परात, परातीत कड्यांचा ढीग, शेजारी पकड आणि अर्धवट जोडलेली साखळी. मग त्यांनाच विचारायचं, ‘ही परात कुणाची? काल किती वजन झालं? पैसे आठवड्याला मिळतात की काम पोचवल्यावर?’ या प्रश्नांना ‘घरीच असते’ हे उत्तर बसतच नाही. मालक जरा चुळबुळतात, पण तक्ता खरा भरतो. अर्थात दिवसभराची घरं उरकायची असतात, त्यात ऊन. सगळ्यांना पाणी मागायला सवड होते असं नाही.

याचा देशाच्या आकड्यावर काय परिणाम होतो, ते बघा. पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्या, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत एवढी उडी! यात बायका खरंच जास्त कामाला लागल्या हे आहे, आणि विचारणारे जास्त नीट विचारायला लागले हेही असावं, असं माझं मत. वाढीचा मोठा वाटा खेड्यांतल्या स्वयंरोजगाराचा आणि घरच्या धंद्यातल्या मदतनिसांचा आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांचाच. पगारी नोकरीत बायका ओसंडून वाहायला लागल्या असा अर्थ त्यातून काढू नये.

रेशन कार्डाचं. हा धाक प्रत्येक दारात असतो. सर्वेक्षणात सांगितलेलं फक्त आकडेवारीसाठी वापरायचं, माणसागणिक माहिती बाहेर द्यायची नाही, असं २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा सांगतो. जनगणनेचा कायदा १९४८ चा. त्यातलं कलम १५ याहून कडक आहे. जनगणनेची नोंद कुणाला तपासायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. पुरवठा खात्याकडं तो कागद जात नाही. पुढच्या वेळी दार तुम्हीच उघडा.

ई-श्रमचं कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं, ही गोष्ट वेगळी. तिथं तुम्ही स्वतःहून नाव नोंदवता, वय १६ ते ५९ लागतं. ती नोंदणी आहे, मोजणी नव्हे. ‘इतक्या कोटी नोंदण्या’ म्हणजे तितक्या जणांना आज काम आहे, असा अर्थ होत नाही. तुम्ही जरूर नोंदवा, नुकसान काही नाही.

नमस्कार. मी चंदगड तालुक्यातल्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य. गावच्या विकास आराखड्यात रोजगाराचा मुद्दा मांडायचाय. ग्रामसेवक म्हणतात, गावपातळीचा आकडा सरकारकडं नसतो. खरं आहे का?

खरं नाही. एका ठिकाणी नक्की असतो, फक्त तो जुना आहे. २०११ च्या जनगणनेचा ‘प्राथमिक गोषवारा’ काढा. जिल्ह्याची एक्सेल फाइल उतरवता येते आणि तिच्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते. जिल्ह्याची त्या वेळची ३८ लाख ७६ हजार १ लोकसंख्या गाववार पसरलेली दिसते. तुमच्या गावच्या ओळीत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर कामगार असे चार रकाने सापडतील, बाई-पुरुष वेगळे. त्याआधी एक मोठी फोड आहे. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम मिळालेले ते मुख्य कामगार. त्याहून कमी मिळालेले ते सीमांत. सीमांतांत पुन्हा तीन महिन्यांच्या आतले आणि तीन ते सहा महिन्यांचे. आराखड्यासाठी हाच रकाना सोन्याचा. काजूच्या कारखान्यात हंगामापुरतं काम मिळणाऱ्या बायका तिथं दिसतील. ‘आमच्या गावात इतक्या जणींना सहा महिनेसुद्धा काम नाही’ हे वाक्य सरकारच्याच फाइलीतून उचललेलं असलं की पंचायत समितीत कुणाला उडवून लावता येत नाही.

दोन सावधगिऱ्या. तुमच्या तालुक्यातली घरटी एक-दोन माणसं मुंबईला, ही गिरण्यांच्या काळापासूनची रीत. ती माणसं मुंबईत मोजली जातात, गावच्या ओळीत नाहीत. गाव म्हातारं आणि बायकांचं दिसतं ते त्यामुळं. स्थलांतराचे तक्ते जनगणनेत वेगळे असतात, कामासाठी गेलेले किती हेही त्यात असतं, पण ते गावाचे नाहीत, वरच्या पातळीचे.

दुसरी उलट्या बाजूची, आणि ती सखल भागातल्या गावांना लागू. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा आपल्याकडं गळीत हंगाम ऐन भरात. बीडकडच्या तोडणी टोळ्या शिरोळ-हातकणंगल्याच्या फडात. गणनेचा सगळा काळ जो घराबाहेर असतो, तो सापडेल तिथं मोजायचा हा नियम. म्हणजे कोपीत राहणारी माणसं आपल्या गावच्या खात्यावर. साखर कारखान्याशेजारच्या एखाद्या गावात मजुरांचा आकडा फुगलेला दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नका. पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे, १ मार्च २०२७ ही संदर्भाची तारीख. तेव्हाही फड उभेच असतील.

ताजं काही हवं असेल तर रोहयोच्या संकेतस्थळावर आपली ग्रामपंचायत निवडा. जॉबकार्डांची यादी, गेल्या वर्षांची कामं, हजेरीपत्रकं, सगळं उघडं आहे, नावानिशी. किती कुटुंबांनी काम मागितलं आणि किती दिवस मिळालं, हे दोन रकाने शेजारी ठेवा. चावडीवर वाचून दाखवा. हजेरीपत्रकात न गेलेल्या माणसाचं नाव निघालं, तर ते तुम्हाला गावच सांगेल.

शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. दर महिन्याला बातमी येते, भविष्य निर्वाह निधीत एवढे लाख नवे सभासद, नोकऱ्या वाढल्या. आणि मला फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या घासाई-सफाईला, माणूस मिळत नाही! कुणाचं खरं?

दोघांचंही. ती आकडेवारी एप्रिल २०१८ पासून दर महिन्याला येते आणि ती खात्यांची आहे, नोकऱ्यांची नव्हे. कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू. एकोणीस माणसं असलेल्या मालकानं विसावा घेतला, की जुने एकोणीसही ‘नवे सभासद’ होतात. काम तेच, भट्टी तीच. हा बदल चांगलाच आहे, कामगाराला फंड मिळाला, पण तो नवा रोजगार नाही. त्यातून तुमची माणसं ठेकेदारामार्फत असतील तर खातं ठेकेदाराच्या कोडवर निघतं, आणि तो कोड पुण्याचा असला तर शिरोलीचा घाम पुण्याच्या हिशेबात. माणूस का मिळत नाही, ते त्या तक्त्यात शोधू नका. फेटलिंगची धूळ आणि त्या कामाची मजुरी, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

इचलकरंजीहून लिहितोय. आठ मागांचा मालक आहे, म्हणजे होतो; चार भंगारात घातले. छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं जे उद्यम संकेतस्थळ आहे, त्यावर मात्र जिल्ह्यात उद्योग वाढतच चाललेत. हे कसं?

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० ला सुरू झाली. कामगार किती, हे मालक स्वतः भरतो. माग भंगारात गेले की ती नोंद आपोआप कमी होत नाही. तुम्ही तुमची दुरुस्त केलीत का? बहुतेक नाही, आणि दोष देत नाही, कर्ज हवं असतं तेव्हाच ते पान उघडलं जातं. त्यामुळे ती बेरीज चढत राहते.

दारात जाऊन मोजणारी आर्थिक गणना यासाठीच असते. पहिली १९७७ ला झाली. सहावी २०१३-१४ ची, तिचे आकडे मिळतात. सातवी २०१९ ला सुरू झाली, निकाल रखडले ते रखडलेच. मला विचाराल तर कोल्हापूरसारख्या जिल्ह्यासाठी ही सगळ्यात महागडी उणीव आहे. आपला रोजगार मोठ्या गेटच्या आत कमी आणि गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्त. कांडीवाली, वहिफणीवाला, जॉबर, उद्यमनगरातला दोन लेथवाला, चप्पलवाल्याच्या घरातली वेणी घालणारी सून, हे सगळे त्याच गणनेत नीट दिसले असते. तोवर असंघटित उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण बघा. त्यात मालाची किंमत, कामगार, बिनपगारी घरचे असं बरंच असतं, पण राज्याच्या पातळीवर. इचलकरंजी त्यात वेगळी काढता येत नाही.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ. नोकऱ्यांची अशी मोजदाद संस्थानकाळात होती का? की हे सगळं दिल्लीहून आलेलं?

गुरुजी, प्रश्न आवडला. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम सगळ्यांना माहीत असतो तो पन्नास टक्क्यांसाठी. रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखायच्या. पण त्याच हुकुमात खाली आणखी एक गोष्ट आहे, आमच्यासारख्यांच्या नजरेत ती आधी भरते. हुकूम निघाल्यानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं सादर करायचं. नुसता ‘निम्म्या जागा द्या’ असा आदेश कुठल्या खात्यानं किती पाळला, हे तीन-तीन महिन्यांनी कागदावर आल्याशिवाय कसं कळणार? महाराज तेव्हा विलायतेत होते, हिशेबाची सोय मात्र हुकुमातच करून ठेवलेली.

तिमाही पत्रक आजही आहे. १९५९ च्या सेवायोजन कार्यालयांच्या कायद्यानं आस्थापनांनी दर तिमाहीला ‘ईआर-१’ भरायचं ठरलं : किती माणसं कामावर, किती जागा रिकाम्या. आपल्या राज्यात ते महास्वयंम संकेतस्थळावर भरतात. भरणाऱ्यांचा उत्साह विचारू नका. मी ओळखत असलेल्या एका कारखान्यात हे काम ज्याच्याकडं होतं, तो मागच्या तिमाहीचं पत्रक उघडून फक्त तारीख बदलायचा.

जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन, म्हणजे आकडेवारीचं सरकारी पुस्तक, उतरवलं. पीडीएफ आहे. तक्ता कॉपी केला तर अक्षरांची खिचडी होते. याला खुली आकडेवारी म्हणायचं? — एक पत्रकार, गडहिंग्लज

नाही म्हणायचं. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातच यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आकडे द्या असं आहे, त्याच वर्षी केंद्राचं डेटा संकेतस्थळ सुरू झालं, आणि २०१७ च्या परवान्यानं ती आकडेवारी स्रोत सांगून कुणालाही वापरता येते, धंद्यासाठीसुद्धा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं जून २०२४ पासून ई-सांख्यिकी सुरू केलंय, तिथून तक्ते थेट एक्सेलमध्ये निघतात. सर्वेक्षणाची घरागणिक कच्ची माहितीही, नावं-पत्ते काढलेली, फुकट नोंदणी करून मिळते. ती घेतलीत तर प्रत्येक ओळीपुढचं ‘वजन’, म्हणजे ते घर किती घरांच्या वतीनं बोलतं तो आकडा, लावायला विसरू नका, नाहीतर एका घराला एकच घर धराल.

समालोचनासाठी मात्र आधी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन सरळ एक्सेल मागा. टाइप करणाऱ्याच्या संगणकावर ती असतेच, आणि बऱ्याचदा पेन ड्राइव्हवर मिळूनही जाते. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्जात ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ हे शब्द स्पष्ट घाला, कायद्याच्या कलम २(जे) मध्ये तसा हक्क दिलेला आहे. आणि तक्ता क्रमांक, वर्ष नेमकं लिहा. ‘रोजगाराची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर तीच पीडीएफ छापून, पानामागं दोन रुपये लावून, परत तुमच्याच हातात ठेवतील.